भोपळ्याची गुरगुर

२८ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार-चमत्कार तू कमावलेले नाहीस, म्हणून सरळ कामाचं लिहिते. सोबत एक फॉर्म आहे. दुसऱ्या पानावर तळाशी 'मालकाची संमती' असं छापलंय, तिथे सही कर आणि परत पाठव. अडीच वर्षांत मी तुझ्याकडे पहिल्यांदाच काही मागतेय, तेव्हा जमव.

कशाची संमती, तर भोपळ्याला मारायची. फॉर्ममध्ये तो शब्द नाही. तिथे 'वेदनारहित अंत' असं काहीतरी आहे. ज्याने लिहिलं त्याच्या घरी बहुधा कुत्रं नसावं.

परवा संध्याकाळी तो बाबांना चावला. उजवा हात, चौदा टाके, अंगठ्याची एक शीर तुटली होती ती जोडलीय. बाबांचा तो रोजचा कार्यक्रम तुला माहीतच आहे. भोपळ्याचं खाणं ठेवायचं, तो खायला लागला की भांड्यात हात घालून ढवळायचं, म्हणजे मालक कोण ते त्याला कळतं. पाच वर्षं ढवळतायत. परवाही ढवळलं. मी ओट्यापाशी होते. भांडं सरकल्याचा आवाज आला, मग बाबांचा, आणि वळून बघते तर सगळं आटोपलेलं. भोपळ्या कोपऱ्यात उभा, बाबा जमिनीवर बसलेले आणि फरशीवर रक्त. तुला माहीत आहे, मी दिवसभर लॅबमध्ये कवळ्या बनवते, दातांचे साचे बघूनच माझं पोट भरतं. तरी तो हात नळाखाली धरताना माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल, तर सुळे किती सरळ बसलेत. मग माझी मलाच लाज वाटली.

मला राग कशाचा येतो सांगू? मी त्याला माणसात आणलं होतं. तू पहाटे बॅग उचलून गेलास तेव्हा तो तीन वर्षांचा, बासष्ट किलोचा, दारात आडवा पडून राहायचा आणि कुणी जवळ आलं की घशातून आवाज काढायचा. मी एकटीने त्याला वळण लावलं. दोन वर्षांत घरात त्याचा आवाज नाही. शेजारीपाजारी विचारायचे, एवढं दांडगं जनावर आणि इतकं गरीब कसं? आणि एवढं सगळं करून परवा हूं की चूं न करता थेट हात धरला त्याने.

कागदोपत्री तो अजून तुझा आहे, म्हणून तुझी सही लागते. तुझा पत्ता तुझ्या जुन्या सोफेवाल्या मालकाने दिला. फार आढेवेढे घेतले त्याने. म्हणाला, 'त्याने कुणाला देऊ नका म्हटलंय.' मी म्हटलं, मी कुणी नाही, बहीण आहे.

सही कर आणि मोकळा हो. तसाही मोकळा व्हायला तुला वेळ लागत नाही.

— छोटी

१२ मार्च

दादा,

उत्तर नाही. आश्चर्यही नाही.

पशुविभागाच्या कार्यालयातून एक अधिकारीबाई येऊन गेल्या. तुझी सही येईपर्यंत भोपळ्या पंचेचाळीस दिवस निरीक्षणाखाली. सही आली तर प्रश्न मिटल्यातच जमा. नाही आली तर ११ एप्रिलला त्या पुन्हा येऊन त्याची परीक्षा घेतील आणि त्याला ठेवायचं की नाही ते ठरवतील. तोवर त्यांच्या यादीतली एक ट्रेनर आठवड्यातून दोनदा येणार, नाही म्हणायची सोय नाही. बाबा म्हणाले, 'मेलेल्याला शाळेत कशाला घालता?'

ट्रेनर म्हणजे पन्नाशीची, बुटकी बाई. स्वतःची घडीची खुर्ची घेऊन येते. बाबा तिला 'खुर्चीवाली' म्हणतात, आता मीही म्हणते. पहिल्या दिवशी तिने अंगणात खुर्ची मांडली, भोपळ्याकडे पाठ केली आणि पाऊण तास वर्तमानपत्र वाचलं. बाबा खिडकीतून म्हणाले, 'याचा पगार मिळतो हिला.' भोपळ्याने तिची पाठ हुंगली, चप्पल हुंगली, मग लांब जाऊन बसला. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. 'ठीक आहे,' म्हणाली. 'डोकं ठिकाणावर आहे त्याचं.'

तिने मला त्याला फिरवून आणायला सांगितलं. फिरवून म्हणजे तो मला फिरवतो. मागच्या वर्षी कोपऱ्यावरच्या लोखंडी खांबाला माझं कोपर आपटलं, ते अजून दुखतं. खुर्चीवाली म्हणाली, 'तो ओढतो तेव्हा तुम्ही काय करता?' मी म्हटलं, मीही ओढते. 'मग ओढाताण हा त्याला खेळ वाटणारच. तो ओढेल तेव्हा खांबासारख्या उभ्या राहा. पट्टा सैल पडला की चाला.' त्या दिवशी आमच्या दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत जायला पंचवीस मिनिटं लागली. टपालवाली बाई दोनदा आमच्यासमोरून गेली आणि दुसऱ्यांदा हसली. तिला हसायचा हक्क आहे. भोपळ्याने तिच्या खांद्यावर पंजे ठेवून तिला आमच्याच दारात बसवलं होतं. त्यावरही उपाय साधाच निघाला. तो अंगावर आला की पाठ फिरवायची, चारी पाय जमिनीवर आले की लाड करायचे. मी इतकी वर्षं त्याला ढकलून ओरडत होते. त्याला वाटायचं, काय मजा आहे.

मग जेवणाचं भांडं. खुर्चीवालीने ते लांब ठेवायला लावलं आणि दहा पावलांवरून बघत राहिली. भोपळ्या खाता खाता थांबला. अंग ताठ, तोंड मिटलेलं, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायला लागलं. ती तिथेच थांबली. बराच वेळ तिने कान दिला आणि मला विचारलं, 'हा गुरगुरत का नाही?'

मी म्हटलं, तो पहिल्यापासूनच शांत आहे.

'कोणतंच कुत्रं मुकं जन्मत नाही,' ती म्हणाली. 'याची गुरगुर कुणीतरी काढून घेतलीय. घरात कोण मारतं याला?'

कुणीच नाही, मी म्हटलं. ते खरं होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि खुर्ची मिटली.

फॉर्म पाठव. हे पंचेचाळीस दिवसांचं नाटक मला झेपत नाही.

— छोटी

१९ मार्च

दादा,

आज जे लिहिणार आहे ते वाचून तू मला काय म्हणायचं ते म्हण. निदान काहीतरी म्हण.

त्याची गुरगुर मी काढली.

तू गेलास त्याच्या पाचव्या दिवशी बाबांनी भांड्यात हात घातला आणि भोपळ्या गुरगुरला. मोठ्याने नाही, घशातल्या घशात. बाबांनी हात काढला आणि जेवायला बसल्यावर मला सांगितलं, 'या घरात आवाज नको. पस्तीस वर्षं कागद कारखान्याच्या मशीनचा आवाज ऐकलाय मी. पुन्हा गुरगुरला तर जनावर जाईल.' तू ते वाक्य हजारदा ऐकलं आहेस. आई होती तेव्हा तीही भांडी कापडावर ठेवायची, आवाज व्हायला नको म्हणून. आपण दोघं भांडायचो ते हातवाऱ्यांनी. तू जिंकायचास, कारण तुझे हात लांब होते.

बाबांचा नटबोल्टचा डबा आहे ना, कारखान्यातून आणलेला, पत्र्याचा? तो मी घेतला. भोपळ्या गुरगुरला की त्याच्या कानाशी खणखण हलवायचा. पहिल्या वेळी तो लघवी करून पलंगाखाली शिरला. बासष्ट किलोचं कुत्रं पलंगाखाली मावत नाही, पलंग उचलला गेला. मी हसले, दादा. मग मीच त्याला बाहेर काढलं आणि चिकन भरवलं. तीन आठवड्यांत आवाज बंद झाला. बाबा म्हणाले, 'बघ, जमलं.' बाबांच्या तोंडून एवढं कौतुक मी शाळा सोडल्यापासून ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारभर लॅबमध्ये तेच आठवत होते.

हे सगळं मी खुर्चीवालीला सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं, पण ती फक्त खाली बघत म्हणाली, 'गुरगुरणं बंद झालं म्हणून राग बंद होत नाही. आपल्याला तो कळणं बंद होतं. त्याने दोन वर्षं सांगायचं टाळलं, कारण सांगितलं की डबा वाजतो. शेवटी दात वापरले.' आणि मग म्हणाली, 'ते तुमच्या वडिलांचं नशीब. मोठं कुत्रं एकदाच चावलं तर त्याने स्वतःला आवरलेलं असतं.'

मी घरी येऊन डबा फेकून दिला. त्याने काय होणार? पण फेकला.

आता तुझा हिशेब. तू त्या रात्रीच्या जेवणाला बाबांना काय म्हणालास, आठवतं? बाबा म्हणाले, 'सोफे शिवायचं सोडायचं, सोमवारपासून कारखान्यात यायचं, मी बोललोय.' आणि तू म्हणालास, 'भाजी वाढ.' एवढंच. मी वाढली. तू दोनदा घेतलीस. मला वाटलं, बरं झालं, मानलं याने. पहाटे अंथरूण रिकामं. भोपळ्याचा पट्टा खुंटीला, त्याची वही टेबलावर, लसीच्या तारखांसकट. कुत्र्यासाठी वही ठेवलीस आणि माझ्यासाठी चिठ्ठीसुद्धा नाही. त्या घरात मी एकटी राहणार हे तुला माहीत होतं. भोपळ्याला मी सांभाळेन हे तू गृहीत धरलंस. मला कोण सांभाळेल ते तुझ्या डोक्यातही आलं नाही.

डबा मी वाजवला, ते माझं पाप. पण ते कुत्रं माझ्या गळ्यात टाकून तू पळालास, आणि ते जगवायला मला जे सुचलं ते मी केलं. मला दुसरं काय येत होतं? आपल्याला ज्या तऱ्हेने वाढवलं तीच तऱ्हा मला येत होती.

— छोटी

२ एप्रिल

दादा,

सही करू नकोस. पहिल्या पत्रातलं सगळं विसर. फॉर्म फाडून टाक, जाळ, त्यावर भाजी चिर, पण पाठवू नकोस.

तो गुरगुरला. काल संध्याकाळी, सहा वाजून दहा मिनिटांनी.

दोन आठवडे आम्ही एकच गोष्ट करतोय. तो खात असतो, मी लांबून जाते, उकडलेल्या चिकनचा तुकडा भांड्याजवळ टाकते आणि पुढे निघून जाते. थांबायचं नाही, वाकायचं नाही, भांड्याला हात लावायचा नाही. खुर्चीवाली म्हणते, माणूस जवळ आलं की भांड्यातलं वाढतं, कमी होत नाही, हे त्याच्या डोक्यात बसू दे. दहा पावलांवरून सुरुवात केली, आता चारवर आलेय. काल मी घाई केली, तीनवर गेले. तो ताठ झाला, आणि घशातून तो आवाज आला. जुनं दार सरकावं तसा. दोन वर्षं गंजलेला असल्यासारखा.

माझे हात आपोआप उठले, दादा. डबा नव्हता, तरी उठले. खुर्चीवाली हलक्या आवाजात म्हणाली, 'मागे या. दोन पावलं. आणि त्याला शाबासकी द्या.' मी मागे गेले. तो गप्प झाला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खायला लागला. मी अंगणातच बसले आणि रडले. खुर्चीवालीने मला तिची खुर्चीही दिली नाही.

बाबांनी खिडकीतून ऐकलं. आत गेले तर म्हणाले, 'गुरगुरतंय ते. अजून काय पुरावा पाहिजे?' मी म्हटलं, बाबा, हे चांगलं आहे. ते म्हणाले, 'ज्या दिवशी घरात कुत्रं माझ्यावर आवाज चढवणं चांगलं असेल, त्या दिवशी मला पोचवून या.' डाव्या हाताने जेवतात हल्ली. चमच्यातून आमटी सांडते. मी पुसायला गेले तर माझा हात झटकला.

मी तेव्हा त्यांना काही बोलले नाही. तुला लिहितेय. हे लिहितानाही मला स्वतःचा राग येतोय.

— छोटी

८ एप्रिल

तुझा लखोटा आज आला.

बाबांच्या नावाने. माझ्या नावाने नाही. मी तुला चार पत्रं लिहिली, त्यातल्या दोनांत पोटातलं सगळं ओतलं, आणि तू बाबांच्या नावाने लखोटा पाठवलास. आत फॉर्म. दुसऱ्या पानावर तळाशी तुझी सही, शाळेत करायचास तशीच, शेवटी रेघ. सोबत चिठोरंही नाही. मी लखोटा उलटा करून झटकला. बाबा म्हणाले, 'काय शोधतेस? जे पाहिजे होतं ते आलंय.'

माझं १९ तारखेचं पत्र वाचून सही केलीस की न वाचता? वाचून केली असशील तर तू मला आणि भोपळ्याला एकाच फटक्यात शिक्षा दिलीस. न वाचता केली असशील तर तू मी समजत होते त्याहून हलकट आहेस. मला ठरवता येत नाही आणि तू सांगणार नाहीस, कारण तू सांगत नाहीसच. तू ताठ होतोस, भाजी दोनदा घेतोस आणि सकाळी फरशीवर रक्त.

फॉर्म बाबांनी त्यांच्या कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात. अधिकारीबाई परवा नंतरच्या दिवशी येणार. भोपळ्या आत्ता माझ्या पायावर डोकं ठेवून झोपलाय आणि माझा पाय बधिर झालाय. त्याला काही माहीत नाही. तो काल पट्ट्यावर गल्लीच्या तोंडापर्यंत एकदाही न ओढता गेला. टपालवालीने टाळ्या वाजवल्या.

तुझ्या नावाने बोटं मोडण्यापलीकडे मला आज काही सुचत नाही. पत्र टाकते, कारण न टाकलेलं पत्र म्हणजे पुन्हा तुमचीच तऱ्हा.

— छोटी

११ एप्रिल

दादा,

हे पत्र तातडीच्या टपालाने पाठवतेय. आत दुसरा फॉर्म आहे. राग बाजूला ठेवून नीट वाच, मग हवा तेवढा धर.

आज अधिकारीबाई आल्या. खुर्चीवालीही आली, खुर्चीसकट. बाबा दारात इस्त्रीचा शर्ट घालून उभे, हात गळ्यात अडकवलेला, दुसऱ्या हातात तुझी सही. बाईंनी फॉर्म घेतला, वाचला, फाइलीत ठेवला आणि म्हणाल्या, 'परीक्षा तरीही घ्यावी लागते. नियम आहे.'

त्यांच्याकडे एक नकली हात असतो, तुला माहीत आहे का? रबराचा, काठीला बांधलेला, नखंसुद्धा रंगवलेली. मी म्हटलं, आमच्या लॅबमध्ये याहून बरं काम होतं. कुणी हसलं नाही. भोपळ्याला जेवायला दिलं आणि बाईंनी तो हात लांबून हळूहळू भांड्यापर्यंत सरकवला. हात भांड्याच्या काठाला टेकला. भोपळ्या ताठ झाला आणि गुरगुरला. स्पष्ट, लांबलचक, अंगणभर ऐकू येईल असा. बाईंनी हात तसाच ठेवला. तो गुरगुरत राहिला, मान फिरवली, पण दात लावला नाही. बाईंनी हात मागे घेतला. त्याने एक मोठा श्वास सोडला आणि खायला लागला.

बाबा म्हणाले, 'ऐकलंत ना? गुरगुरला. लिहा.'

'लिहिलं,' बाई म्हणाल्या. 'चांगल्या बाजूला लिहिलं. इशारा देतो, आणि इशारा ऐकला तर थांबतो.'

बाबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण बाईंचं पुढचं ऐकून माझंही झालं. मालकाची लेखी संमती फाइलीत आहे म्हटल्यावर त्यांचे हात बांधलेले. एकवीस दिवसांत मालकी दुसऱ्या कुणाच्या नावावर झाली तरच ती रद्द होते. आणि नवा मालक, ज्याला कुत्रं चावलंय त्याच्या घरात राहू शकत नाही.

'मग मिटलं,' बाबा म्हणाले. 'याचा मालक तिकडे. आणि ही कुठे जाणार?'

मी म्हटलं, 'मी जाणार.'

'काय?'

'मी भोपळ्याला घेऊन दुसरीकडे राहायला जाणार. या आठवड्यात खोली बघते.'

'आवाज खाली.'

'नाही,' मी म्हटलं. आणि तो आवाज माझा होता हे मलाही पटेना; भोपळ्यानेसुद्धा खाणं थांबवून माझ्याकडे बघितलं. 'चाळीस वर्षं या घरात आवाज खालीच आहे. आई खालच्या आवाजात गेली. दादा बोललाच नाही आणि गेला. याचा आवाज बंद करायला डबा तुमचा होता, हलवला मी, आणि तुमचा हात फाटला. हे कुणाला चाललंय अजून? तुम्हाला तरी चाललंय का?'

अधिकारीबाई फाइलीत काहीतरी शोधायला लागल्या. खुर्चीवाली उठून फाटकापाशी गेली आणि बाहेर बघत राहिली. बाबा म्हणाले, 'तोही असाच गेला.'

'तो न सांगता गेला,' मी म्हटलं. 'मी तुमच्या तोंडावर सांगतेय. मला तुमचा भयंकर राग आलाय, बाबा, आणि मी जातेय, आणि रविवारी येऊन तुमचं पट्टीचं कापड बदलून देणार आहे.'

ते आत गेले. दार आपटलं. बाबांनी दार आपटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

तर हा फॉर्म मालकी बदलण्याचा. दोन मेच्या आत सही होऊन परत आला पाहिजे, नाहीतर तीन तारखेला ते भोपळ्याला घेऊन जातील. सही कर. आणि या वेळी लखोट्यात नुसता फॉर्म घातलास तर मी तो मिळाल्याचं तुला कधीही कळवणार नाही. शिव्या घाल. डब्याबद्दल घाल. तुला आला असेल तो सगळा राग कागदावर उतरव आणि माझ्या नावाने पाठव.

— छोटी

४ मे

दादा,

फॉर्म २९ तारखेला मिळाला. त्याच दुपारी रजा टाकून कार्यालयात नेऊन दिला. शिक्का बसला. भोपळ्या माझा आहे.

तुझी नऊ पानंही मिळाली.

सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे तळमजल्यावरची एक खोली घेतलीय, पुढे तीन पायऱ्या आणि लोखंडी फाटक. त्या पायऱ्यांवर बसून सगळी वाचली. डब्याबद्दल तू जे लिहिलं आहेस त्यातला एकही शब्द मी खोडणार नाही. 'तुझ्या हातात डबा होता तसाच बाबांच्या हातात होता, फरक काय?' हे वाचून मी अर्धा तास वर बघितलं नाही. पण चौथ्या पानावर तू म्हणतोस की मी बाबांची लाडकी, म्हणून मला तिथे काही त्रास नव्हता. ते धादांत खोटं आहे आणि ते लिहिताना तुझी जीभ झडली नाही कशी? सहाव्या पानावर तू लिहिलंस की सही मागितली म्हणून सही केली, कारण त्या घरातून काही मागितलं की द्यायचं आणि तोंड मिटायचं एवढंच तुला येतं. ते मात्र मी दोनदा वाचलं. त्याचा मला राग आला नाही. राग यायला हवा होता, कारण कुत्रं मरत होतं, दादा. पण नाही आला.

काल रविवार. सकाळी घरी जाऊन बाबांच्या हाताची पट्टी बदलून आले होते. संध्याकाळी बाबा आले. पहिल्यांदाच. मी चहा टाकत होते. भोपळ्या दारात पडला होता, तो उठला आणि गुरगुरला. मी पट्टा धरला. बाबा फाटकाबाहेर थांबले होते, चपला नीट जुळवून, कारखान्याच्या हजेरीला उभे राहावं तसे. त्यांनी भोपळ्याकडे बघितलं, एक पाऊल मागे घेतलं आणि मला विचारलं, 'आता?'

अजून एक, मी म्हटलं. ते अजून एक मागे गेले. भोपळ्या गप्प झाला आणि बसला.

'त्याचं पत्र आलं म्हणे,' बाबा रस्त्यातून म्हणाले.

'आलं.'

'काय लिहितो?'

'शिव्या.'

'तुला?'

'मला सहा पानं. तुम्हाला तीन.'

ते थोडा वेळ सायकलच्या दुकानाकडे बघत राहिले. तिथे एक माणूस चाकातली हवा तपासत होता. मग म्हणाले, 'माझ्या नावाचं वाच.'

मी म्हटलं, 'मोठ्याने वाचावं लागेल. तुम्ही लांब आहात.'

'वाच की मग.'

मी सातवं पान काढलं. तुला माहीत आहे सातव्या पानावर काय आहे. आईच्या भांड्यांखालचं कापड आहे, सोमवारी कारखान्यात यायचं ते आहे, आणि 'तुम्ही माणसं पाळली' हे वाक्य आहे. मी ते सगळं वाचलं, एकही शब्द न गाळता. बाबा उभे होते. मधे एकदा बँडेजचा हात दुसऱ्या हाताने धरला. पान संपलं.

'अजून आहे?' ते म्हणाले.

'दोन पानं.'

'वाच.'

मी आठवं वाचायला घेतलं, आणि त्यावर तू त्यांना जे म्हटलं आहेस ते सायकलवाल्यासकट अख्ख्या गल्लीने ऐकलं.

— छोटी